वाफेच्या इंजिनाची संथा

पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावरील हडपसर हें एके काळीं शेती, मळे आणि कालव्याचें पाणी यांचें गांव होतें. आतां तेथें कारखाने, कचेऱ्या व उंच इमारती यांची दाटी झाली आहे. पुण्यास आगगाडी १८५८ च्या जूनमध्यें पोंचली आणि त्याच डिसेंबरांत ती हडपसरच्या शिवारांतून पुढें दिक्सळपर्यंत गेली. हल्लीं येथून जाणाऱ्या गाड्यांना धूर नाहीं.

आमचे एक वृद्ध शेजारी तरुणपणीं दौंडच्या शेडमध्यें फायरमन होते. त्यांच्यासमवेत मी कोथरूड येथील जोशी यांचें लहान रेल्वेंचें संग्रहालय पाहावयास गेलों. भाऊ जोशी यांनीं हौसेनें जोपासलेलें हें काम १९९८ पासून लोकांस पाहावयास मिळतें. चिमुकल्या गाड्या, सिग्नल व पूल पाहून मुलें हरखलीं. शेजारी मात्र हळूच म्हणाले, "सर्व सुरेख आहे, मास्तर, पण आग कोठें आहे?"

परततांना ते बोलूं लागले. थंड इंजिन पेटविणें हें तासन् तास चालणारें काम. घाईनें आंच दिली तर लोखंड कमीअधिक फुगून नळ्यांचे सांधे गळूं लागतात. बॉयलरांतील पाणी कांचेच्या नळींत सतत पाहावें लागतें. तें भट्टीच्या छतापेक्षां खालीं गेलें तर छत तापून अनर्थ ओढवेल, म्हणून तेथें शिशाचा डाट असतो. तो वितळला कीं वाफ भट्टींत उतरून सावध करते. इतकें पुस्तकांतही मिळेल. परंतु आगीच्या रंगावरून वाफेचा अंदाज बांधणें हें गुरूजवळ उभें राहूनच साधतें.

संस्कृत शिकलेल्यास हें नवें नाहीं. पोथी रुमालांत बांधून ठेवली तर ती टिकते. संथा बंद पडली कीं स्वर जातो. स्थानकाबाहेर चौथऱ्यावर रंगवून उभीं केलेलीं इंजिनें मला अशा पोथ्यांसारखींच वाटतात.

वेल्समध्यें टॅलिलिन नांवाची अरुंद रुळांची रेल्वे आहे. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठीं ती १८६५ सालीं बांधली. १९५० सालीं मालक सर हेडन जोन्स वारले, तेव्हां ती बंदच व्हावयाची. पण टॉम रोल्ट नामक लेखकानें मित्रांसह मंडळ स्थापिलें आणि १९५१ च्या मे महिन्यांत गाड्या सुरू केल्या. स्वयंसेवकांनीं रेल्वे वांचवून चालविल्याचें जगांतील हें पहिलें उदाहरण. सुटीच्या दिवशीं चार घरचीं माणसें मळके कपडे चढवून तेथें राबतात, आणि जाणता नवख्यास शिकवितो. तेथील १८६४ सालच्या इंजिनाचे अनेक भाग आजवर बदलले. मग तें तेंच इंजिन काय, हा प्रश्न मी नैयायिकांवर सोपवितों.

माथेरानच्या रेल्वेसाठीं १९०७ च्या सुमारास आलेल्या चार जर्मन इंजिनांपैकीं ७४० क्रमांकाचें इंजिन विलायतेस जाऊन लेटन बझर्ड येथील अशाच स्वयंसेवकांच्या रेल्वेवर दाखल झालें. हें ऐकून शेजारी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बरें झालें. लेक दूर गेली, पण हौशी माणसांत पडली."

सध्यां रोज सायंकाळीं ते माझ्या नातवास बागेंतलें फावडें देऊन कोळसा टाकण्याची ढब शिकवितात. कोळशाच्या जागीं वाळू, आणि भट्टीचें दार म्हणून एक मोडकी पेटी. फेंक खांद्यानें नव्हे, मनगटानें. मागचे कोपरे आधीं, मध्य शेवटीं. मी शेजारीं बसून वहींत टिपून घेतों, तर ते मलाही उठवितात आणि हातीं फावडें देतात.