हँबुर्गची गणित-परिषद

गणिताच्या अध्यापनाचा विचार करण्याकरितां सन १९०८ मध्यें रोम येथें जें आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालें, त्याचे पहिले अध्यक्ष जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन हे होते. त्याच मंडळाची तेरावी परिषद सन २०१६ च्या जुलैंत हँबुर्ग शहरीं भरली, व तीस जाण्याचा योग आम्हांस आला. शंभराहून अधिक देशांतील मंडळी तेथें जमली होती. व्याख्यानें पुष्कळ झालीं; त्यांतील कित्येक शाळेच्या दारावरून न थांबतां निघून गेलीं असें वाटलें.

जपानी शिक्षकांच्या बैठकींत मात्र आम्ही खिळून राहिलों. त्यांच्याकडे ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, अशी जुनी रीत आहे. अनेक शिक्षक मिळून एक पाठ रचतात. एकजण तो वर्गावर घेतो, आणि बाकीचे भिंतीशीं उभे राहून पाहतात—शिक्षकाकडे नव्हे, मुलांच्या वह्यांकडे. समांतरभुज चौकोनाचें क्षेत्रफळ शिकवावयाचें, तर सूत्र आधीं सांगत नाहींत. कोणी मूल कडेचा त्रिकोण कापून दुसऱ्या बाजूस जोडतें, कोणी मधोमध उभा छेद घेतें, कोणी लगतच्या दोन बाजूंचाच गुणाकार करून मोकळें होतें. या साऱ्या रीती फळ्यावर मांडतात आणि तास संपेपर्यंत पुसत नाहींत, चुकीचीसुद्धां! आमच्याकडे तर तासांत चारदां फळा पुसला जातो.

परत आल्यावर आमच्या सहावीच्या तासास येऊन बसण्याची विनंती आम्ही सहकाऱ्यांस केली. दोघी बाई आल्या. एका वयोवृद्ध गुरुजींनीं साफ नकार दिला. “आज मी तुमच्या वर्गांत बसलों, तर उद्यां तुम्ही माझ्या वर्गांत याल,” ते म्हणाले. त्यांचें भय खोटें नव्हतें. वर्गांत दुसरा शिक्षक शिरला तो दोष काढावयासच, ही समजूत शाळातपासणीनें आपल्या हाडींमाशीं खिळविली आहे. एका विनंतीनें ती कशी जाणार?

तास संपल्यावर त्या दोघींनीं शेवटच्या बांकावरील एका अबोल मुलाची गोष्ट सांगितली. त्यानें कागदाचा चौकोन तीनदां चुकीचा कापला व चौथ्या खेपेस बरोबर जोडून, कोणास न दाखवितां, वहींत ठेवून दिला. फळ्यापाशीं उभें राहणाऱ्यास तें दिसणें शक्यच नव्हतें.

पुढील पाठ त्यांतील एका बाईंनीं घेतला. गुरुजी आले नाहींत. तास किती वाजतां आहे, एवढें मात्र त्यांनीं आदल्या दिवशीं विचारलें होतें.