पेशींची दुसरी रांग

अवघड जागेची गाठ भिवंडीतल्या बायका महिनोन् महिने अंगावर काढतात. यंत्रमागाच्या वस्तीत एका खोलीत सगळं कुटुंब, अंघोळीला कोपऱ्यातली मोरी. स्वतःचं अंग निवांत पाहायलाही मिळत नाही. बोली मराठी असो, उर्दू असो की तेलुगू, ‘खाली दाणा आलाय’ एवढंच सांगितलं जातं, आणि तेही बहुधा कपड्याला रक्त लागल्यावर.

पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझ्याकडे येतो तो फॉर्मॅलिनमधला तुकडा. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं : सिस्ट? कॅन्सर? त्वचा फुटून लालभडक मांस वर आलेलं असेल तर ही शंका रास्तच असते. पण अशा काही गाठी पॅपिलरी हायड्राडिनोमाच्या निघतात. ही ग्रंथीची साधी वाढ. ती जवळजवळ नेहमी वयात आलेल्या स्त्रियांमध्येच दिसते, बहुतेकदा भगोष्ठांवर किंवा त्यांच्यामधल्या खाचेत, आणि सहसा २ सेंटिमीटरच्या आत.

कमी भिंगाखाली ती फसवते. नेच्याच्या पानासारखे फाटे, एकमेकांत गुंतलेल्या नळ्या, मधूनच विभाजन होणाऱ्या पेशी. घाईत पाहणाऱ्याला हा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीचा कॅन्सर, वाटू शकतो. म्हणून मी आधी गाठीची कड पाहते. ती रेखीव असते, आजूबाजूच्या मांसात घुसलेली नसते. मग भिंग वाढवून एकेका फाट्यावर पेशींच्या दोन रांगा शोधते. पोकळीकडे उंच, स्राव सोडणाऱ्या पेशी. त्यांच्या बुडाशी मायोएपिथेलियल पेशी. ही बुडाची रांग शाबूत असणं हा गाठ निरुपद्रवी असल्याचा मोठा पुरावा. ती अंधूक दिसली, तर या पेशी ठळक करणारा पी६३ किंवा कॅल्पोनिनचा स्टेन करून घ्यावा. खर्च वाढतो, पण कॅन्सरचा चुकीचा शिक्का त्याहून फार महाग पडतो.

या गाठीचं वर्णन वेर्थ यांनी १८७८मध्ये केलं. पुढे शंभर वर्षं ती घामाच्या ग्रंथींची मानली गेली. १९९१मध्ये डच पॅथॉलॉजिस्ट व्हान डर पुटे यांनी दाखवलं, की या भागात स्तनासारख्या ग्रंथी मुळातच असतात. मला या शोधाचं फार अप्रूप आहे. स्तनाच्या नळीत होणारा पॅपिलोमा आणि ही गाठ इतक्या सारख्या का, हे त्यामुळे उलगडलं. दोन्हींत पीआयके३सीए या जनुकातले बदलही सापडले आहेत. स्तनात होते तशी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठही इथे होऊ शकते.

छोटीच आहे म्हणून गाठ कापून फेकून दिली जाते, याचा मला राग येतो. बाईला नेमकं काय झालं होतं, हे मग कोणालाच सांगता येत नाही. तुकडा आला तर रिपोर्टमध्ये गाठीच्या नावासोबत ती पूर्ण निघाली की नाही, हेही मी लिहिते. पूर्ण निघाली असेल तर ती सहसा पुन्हा होत नाही. मग केमोथेरपी नको, रेडिएशन नको, गर्भाशयाला हात लावायचंही काही कारण नाही. हे बाईला तिच्या भाषेत सांगा, असं मी तिच्या डॉक्टरांना फोन करून मुद्दाम कळवते.