अकोले की अकोला

अकोले,
नागपंचमी

चि. बाळा,


दवाखान्यांच्या माहितीस्थळावरचा शोध आता तू सांभाळणार, याचा आनंद आहे. चाव्या हाती देण्याआधी थोडं लिहितो. फोनवर हे नीट सांगता येत नाही.

आपल्या गावाचं नाव शोधयंत्राला फार अवघड जातं. इलॅस्टिकसर्चमध्ये टंकनचुका चालवून घेण्याची 'ऑटो' सोय आहे. तीन ते पाच खुणांच्या शब्दात ती एक चूक माफ करते. संगणकाच्या मोजणीत 'अकोले' नेमका पाच खुणांचा: अ, क, ओकार, ल, एकार. शेवटची मात्रा बदलली की विदर्भातलं अकोला. त्यात आपलं सामान्यरूप असं, की दोन्ही गावांचं 'अकोल्यात'च होतं.

हे मला चालू स्थळावर कळलं, चाचणीत नाही. चाचणीत मी पन्नास दवाखान्यांची गुळगुळीत यादी ठेवली होती आणि तिच्यात अकोला नव्हतंच. मग चाचणी कशी नापास होणार? म्हणून चाचणीच्या सूचीत पूर्ण राज्याचे दवाखाने भर. प्रश्नही लोकांचेच घे, त्यांच्या ऱ्हस्वदीर्घासकट. मात्र शोधाच्या चौकटीत लोक रोग्याचं नाव, फोन नंबरसुद्धा लिहितात. ते चालू यंत्रावरच पुसायचं, मगच प्रश्नांची यादी चाचणीकडे आणायची.

तशी यादी केल्यावर फरक पडला. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा 'अहमदनगर', 'अहिल्यानगर' आणि बोलण्यातलं 'नगर' हे समानार्थी म्हणून जोडले. चाचणीत पाहतो तर राज्यातल्या हरेक वसाहतीतलं 'नगर' वर आलेलं! लोकांपर्यंत जाण्याआधीच तिसरा शब्द काढला.

आता माझी चूक. मागच्या पावसाळ्यात एका रात्री चाचणीची सूची पुसून नवी बांधायला घेतली. मांडणीच्या फाइलमध्ये नाव चालू सूचीचं राहिलं होतं, आणि दोन्हीकडे चावी एकच. आज्ञा बिनतक्रार चालली. पहाटेपर्यंत शोध रिकामा होता. सकाळी राजूरकडच्या एका आशाताईंचा फोन आला. वस्तीवर एकाला साप चावला होता, लस कुठे मिळेल ते त्यांनी तीनदा शोधलं होतं. शेजाऱ्यांनी जीप काढली म्हणून तो वाचला. आपला त्यात काही वाटा नव्हता. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्या दिवसापासून चाव्या वेगळ्या आहेत. चाचणीच्या चावीला चालू सूची दिसतच नाही. पानावरच्या चावीला फक्त वाचता येतं. चालू सूची जागेवर कधीच बदलायची नाही. शेजारी नवी बांधायची, प्रश्नांची यादी तिच्यावर चालवायची, आणि मग उपनाव जुन्यावरून नवीवर फिरवायचं. लोकांचं पान उपनावालाच विचारतं, त्यामुळे क्षणाचाही खंड पडत नाही. जुनी सूची आठवडाभर तशीच असू दे. बिघडलं तर उपनाव मागे घेता येतं. आणि चाचणीच्या स्थळाला पासवर्ड हवाच. एखाद्या घाबऱ्या माणसाला गूगलवरून तिथला चुकीचा निकाल सापडायला नको.

सोबत फक्त चाचणीची चावी पाठवतोय. प्रश्नांची यादी पूर्ण पास झाली की दुसरी देईन. यादीतला पहिला प्रश्न त्या ताईंचा आहे, त्यांनी लिहिला तसाच: 'अकोल्यात साप चावल लस'.

तुझा,
मामा