वर्षात एकच मॅरेथॉन बसते

दिवाळी जवळ आली की आमच्या परभणीतल्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर लिंका पडायला लागतात. डिसेंबरात पुणे, जानेवारीत मुंबई, फेब्रुवारीत आणखी कुठं तरी. प्रत्येक ठिकाणी टी-शर्ट, मेडल, फोटो. मी वर्षाची एक स्पर्धा धरतो, बहुतेक वेळा मुंबईचीच, आणि बाकीच्या लिंका सोडून देतो. त्यावरून गटात मला 'वार्षिक सर' म्हणतात. म्हणू देत.

हा हिशेब परभणीच्या हवेचा आहे. ४२.१९५ किलोमीटरसाठी सोळा-अठरा आठवडे नेमानं पळावं लागतं. त्यातले शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचं. स्पर्धेनंतर महिनाभर जोर लावायचा नाही. पायांचं दुखणं आठवड्यात थांबतं, पण आतल्या स्नायूंची झीज भरून यायला त्याहून वेळ लागतो. झालं, इथंच पाच-सहा महिने गेले. मार्चपासून ऊन तापतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास फिरतो; तीस किलोमीटर पळायचे तर रात्री तीनला उठावं लागतं, आणि त्या वेळी वसमत रोडवर कुत्र्यांचं राज्य असतं. पाऊस पडला की कृषी विद्यापीठाच्या शिवारातल्या कच्च्या वाटा बंद. ती काळी माती बुटाला धरली की सुटत नाही. उरतात सप्टेंबर ते जानेवारी. त्यात एकच मॅरेथॉन बसते.

एका वर्षी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं मनावर घेतलं. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि आमचं गाव सपाट! चढ म्हणावा असा रेल्वेचा उड्डाणपूल. मग रविवारी जिंतूर गाठून नेमगिरीच्या डोंगरावर सराव केला. पावसाळा त्यातच गेला. त्या वर्षी मुंबईचं नाव नोंदवलं नाही. गटाला ते फार लागलं, मला नाही.

पण तारीख निवडता येणं ही चैन आहे, हे मला स्टेडियमवरच्या पोरांमुळं कळलं. आमच्या जिल्ह्यात पहाटे सगळ्यात जास्त पळतात ती भरतीची लेकरं. सोनपेठ, पालम, पूर्णा, कुठून कुठून आलेली, खोली करून राहिलेली. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० या एका धावेचे. त्यांची मोठी स्पर्धा कधी, हे सरकार ठरवतं. २०२४ मध्ये राज्यात मैदानी चाचणी सुरू झाली ती १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर.

पायाच्या नळीवर बर्फ धरून बसलेल्या एका पोराला म्हटलं, "अरे, पंधरा दिवस थांब की."

"सर, भरतीची ॲड कधी पडंल काय भरोसा? ग्राउंड तयारच पाह्यजे."

नळीच्या या दुखण्याला त्यांच्या भाषेत 'शिन पेन' म्हणतात. बारा महिने परीक्षा उद्याच आहे असं समजून पळणाऱ्याचं हे ठरलेलं दुखणं. त्याला विश्रांतीचा सल्ला देणं सोपं आहे. त्याची वयोमर्यादा सरत चाललीय, हे मला दिसत होतं. तरी त्याला एवढं पटलं की रोज १६०० मीटर घड्याळ लावून पळायचं नाही. आठवड्यातून एकदा वेळ घ्यायची, बाकी दिवस सावकाश. नळी शांत झाली. ॲड मात्र तेव्हाही पडलेली नव्हती.

हे पाहिल्यावर आमच्या गटाची हौस मला जरा जडच जाते. कोणाची सक्ती नाही, पोटाचा प्रश्न नाही, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी तीन मॅरेथॉन! जगातले अव्वल धावपटूही वर्षाला साधारण दोनच मॅरेथॉन धरतात, आणि त्यांना दुपारी झोपायला मिळतं. आमच्यातल्या सायकलवाल्यांच्या स्वप्नातली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किलोमीटरची, चार वर्षांतून एकदाच होते. त्यामुळं कोणाचं काही अडलेलं दिसत नाही.

आपल्याच गावची ज्योती गवते घ्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती २०१७ ला पहिली आली, आणि २०१८, २०१९, २०२० ला सुधा सिंगच्या मागे दुसरी. एकाच जानेवारीच्या स्पर्धेत चार वर्षं ओळीनं वर राहायचं तर पाय दरवर्षी त्या महिन्यात ताजे लागतात. ती व्यावसायिक धावपटू. तिनं वर्षभरात आणखी किती पळायचं हा तिच्या कमाईचा भाग. आपल्याला नोकरी, शेती, लग्नसराई सांभाळून पळायचंय.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिचं नाव नोंदवलं असेल, तर डिसेंबरात दहा किलोमीटर हौसेनं पळा, आणि फेब्रुवारीची लिंक आली की कोणाला न विचारता पुसून टाका.