तळ्यांखालचा चुनखडक

फ्लोरिडातल्या पोक काउंटीत कुठेही निघा, वाटेत तळं आडवं येतंच. इथे साडेपाचशेच्या आसपास तळी आहेत. वर वाळू, खाली चुनखडक. पावसाचं पाणी झिरपून खडक विरघळतो, वरची जमीन खचते आणि खड्ड्यात पाणी साठतं. बरीचशी तळी अशीच झाली.

विंटर हेवनला लेक एलॉइजच्या काठी डिक पोप यांनी १९३६ साली सायप्रस गार्डन्स हे उद्यान उघडलं. पाण्यावरच्या स्कीइंगचे खेळ बघायला सारा देश लोटला. आज तिथे लेगोलँड आहे. पण १९३९ साली लावलेला वड लेगोलँडवाल्यांनी राखलाय. त्याच्या पारंब्यांखाली मी बराच वेळ बसले.

लेकलंडच्या वाटेवर संत्र्याच्या ओसाड बागा लागतात. २००५ साली फ्लोरिडात ग्रीनिंग हा रोग आढळला. २००३-०४ मध्ये राज्यात संत्र्यांच्या २४ कोटींहून जास्त पेट्या निघाल्या होत्या. २०२४-२५ मध्ये सव्वा कोटीही भरल्या नाहीत.

लेकलंडचं फ्लोरिडा सदर्न कॉलेजही संत्र्याच्या बागेतच उभं राहिलं. १९३८ साली अध्यक्ष लड स्पायव्ही यांनी सत्तरीतले वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांना इमारतींसाठी बोलावलं. पैसा नव्हता, म्हणून विद्यार्थ्यांनी फीच्या बदल्यात अंगमेहनत केली: वाळू-सिमेंटचे ठोकळे साच्यांत ओतले, भिंती रचल्या. महायुद्धात मुलगे सैन्यात गेले तेव्हा ग्रंथालयाचं काम मुलींनी हाती घेतलं. त्या ठोकळ्यांत रंगीत काचेचे तुकडे बसवलेत. चॅपेलमध्ये ऊन त्यांतून आत येतं. मी ठोकळ्यांवरून हात फिरवला, कडा कुठे कुठे वेड्यावाकड्या आहेत. शिकण्यासाठी इतकं राबलेल्या पोरांबद्दल मला फार माया वाटली. राइट यांच्या इतक्या इमारती एका जागी जगात दुसरीकडे नाहीत.

दक्षिणेला मलबेरी, फॉस्फेटच्या खाणींचं गाव. या पट्ट्याला 'बोन व्हॅली' म्हणतात. खणताना मॅमथची हाडं, शार्कचे दात निघतात. इथल्या फॉस्फेटचं खत भारतातही आलंय. खत केल्यावर उरणाऱ्या, किंचित किरणोत्सारी जिप्समचे डोंगर मात्र इथेच राहिले. २०१६ साली मलबेरीजवळ अशा एका डोंगराखालची जमीन खचली आणि दूषित पाणी भूजलात उतरलं. आसपास विहिरीचं पाणी पिणाऱ्या लोकांना हे कळायला जवळपास तीन आठवडे लागले. त्याचा मला अजून संताप येतो.