बारा व्होल्टचा वारा

संगणकाच्या पेटीतला पंखा हा त्या यंत्राचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका भाग होय. त्याच्याभोवतीचे घटक मुक्याने तापत असतात आणि तो त्या सर्वांच्या वतीने अखंड बोलत असतो. पहूरसारख्या गावात, जेथे जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि पाचोऱ्याहून जामनेरकडे जाणारी वाट एकमेकांना भेटतात, तेथे पौषातल्या रात्री वाहने विरळ झाली की हे बोलणे शेजारच्या खोलीतही स्पष्ट ऐकू येते. त्याला थोडा आवर घालावा, म्हणून पंख्याला मिळणारी वीज कमी-जास्त करणारे एखादे लहानसे सर्किट घरीच जुळवावे, ही कल्पना अशा थंड आणि निवांत रात्रीच सुचते. तिची परीक्षा मात्र मे महिन्यात होते, आणि थंड देशांतल्या हौशी कारागिरांनी रूढ केलेल्या रचना जशाच्या तशा उचलल्या तर त्या परीक्षेत त्या बहुधा नापास होतात.

हा पंखा १२ व्होल्टच्या एकदिश विजेवर, म्हणजे बॅटरीप्रमाणे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालतो. त्याच्या मोटरीत घासले जाणारे कार्बन नसतात. फिरत्या भागात चुंबक असतो, स्थिर भागात तारेची वेटोळी असतात, आणि चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आला हे ओळखणारा एक सूक्ष्म संवेदक योग्य क्षणी योग्य वेटोळ्यात वीज सोडतो. पंख्याला दोन तारा असल्या तर त्या केवळ विजेच्या. तिसरी असली तर ती पंख्याकडून बातमी आणते, कारण बहुतेक पंखे प्रत्येक फेऱ्यामागे या तारेवर दोन स्पंद पाठवतात आणि त्यावरून संगणक वेग मोजतो. व्होल्टेज उतरवले की वेग उतरतो, आणि आवाज तर त्याहून कितीतरी झपाट्याने उतरतो. पंख्याचे शास्त्र असे सांगते की वेग निम्मा केला तर हवाही निम्मीच सरकते, पण पाती फिरवायला लागणारी शक्ती एक अष्टमांशावर येते आणि आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने घटतो. या व्यवहारात हवा देऊन शांतता विकत घ्यायची असते, आणि हवेचा भाव ऋतूप्रमाणे बदलतो ही गोष्ट खानदेशाबाहेरच्या कारागिराच्या सहसा ध्यानात येत नाही.

तो भाव कसा बदलतो हे एका काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेल्या हिशेबाने दाखवता येते. पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा ३० अंशांनी अधिक तापतो आणि पंखा संथ केल्यावर ५० अंशांनी, असे धरले तर जानेवारीत, खोली २० अंशांवर असताना, संथ पंख्याखालीही तो ७० अंशांवर सुखाने राहतो. मे महिन्यात मात्र, जेव्हा वाघूरच्या पात्रातली वाळू दुपारी पायाला चटके देते आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जाणे ही बातमीही उरत नाही, तेव्हा ४२ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर तेवढ्याच संथ पंख्याखाली ९२ अंशांवर जातो. पेटीतली हवा खोलीपेक्षा आणखी काही अंशांनी गरम असते हे यात धरलेलेच नाही. अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की जळू नये म्हणून आपले काम स्वतःच मंदावतात, ज्याला थ्रॉटलिंग म्हणतात. पंखा गप्प बसवला आणि संगणक सुस्त झाला, असा तो सौदा ठरतो. म्हणून खानदेशी नियंत्रकाची पारख तो पंखा किती संथ करतो यावरून करू नये. गरज पडताच तो वाटेतून किती पूर्णपणे बाजूला होतो, यावरून करावी.

या कसोटीवर सर्वांत लोकप्रिय घरगुती रचना पहिल्याच फटक्यात उणी पडते. एलएम३१७ हा तीन पायांचा, बोटाच्या पेराएवढा घटक मिळेल ते व्होल्टेज घेऊन त्याहून कमी, पण स्थिर व्होल्टेज देतो. त्याच्या दोन पायांमध्ये तो नेहमी १.२५ व्होल्टचा फरक राखतो, आणि २४० ओहमचा एक रेझिस्टर व सुमारे २ ते ५ किलोओहमचा एक पॉट, म्हणजे आकाशवाणीच्या जुन्या संचाला असायचा तसा फिरवायचा खटका, जोडला की बाहेरचे व्होल्टेज हाताने ठरवता येते. सोपेपणात याला तोड नाही. परंतु स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी हा घटक दीड-दोन व्होल्ट ठेवून घेतो, त्यामुळे १२ व्होल्ट आत गेले तरी पंख्यापर्यंत साधारण १०च पोहोचतात, आणि खटका पूर्ण फिरवूनही पंखा पूर्ण वेग कधीच गाठत नाही. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत या चोरीचा पत्ता लागणार नाही. पहूर पेठेतल्या पत्र्याखालच्या दुकानात दुपारी दोन वाजता लागतो. वीजपुरवठ्याच्या पिवळ्या आणि लाल तारांमध्ये, म्हणजे १२ आणि ५ व्होल्टच्या मध्ये पंखा जोडून ७ व्होल्ट मिळवण्याची युक्ती त्याहून चलाख असली तरी त्याहून आडमुठी आहे, कारण तिला खटकाच नाही. शिवाय पंखा आतून शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या तारेत शिरतात.

गावातला वायरमन अशा वेळी छताच्या पंख्याचा रेग्युलेटर सुचवतो. घरातली वीज दर सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते आणि त्या शून्यापाशीच रेग्युलेटरमधला ट्रायॅक नावाचा झडपेसारखा घटक मिटतो. एकदिश विजेत ते शून्य कधी येतच नाही, म्हणून एकदा उघडलेला ट्रायॅक उघडाच राहतो. सूचना आपुलकीची असते, पण उपयोगाची नसते.

उपयोगाची वस्तू त्याच गावात, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर किंवा पंप दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर सापडते. कपाशीवर फवारणी करण्यासाठी पाठीवर घ्यायच्या बॅटरी पंपात बहुधा १२ व्होल्टचीच बॅटरी आणि १२ व्होल्टचीच मोटर असते, आणि धार कमी-जास्त करण्यासाठी बऱ्याच पंपांना एक रेग्युलेटर बसवलेला असतो. यातला चांगला प्रकार व्होल्टेज उतरवत नाही. तो वीज अतिशय वेगाने चालू-बंद करतो आणि चालू राहण्याचा काळ लांबवून वा आखडून मोटरीला मिळणारी सरासरी शक्ती ठरवतो. या पद्धतीला पल्स-विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. खटका पूर्ण फिरवला की वीज खंडित होणेच थांबते आणि जवळजवळ सगळे १२ व्होल्ट मोटरीला मिळतात, म्हणजे जी कसोटी एलएम३१७ला जड गेली तिला हा शेतकी अवजाराचा सुटा भाग सहज उतरतो. दोन हंगामही एकमेकांच्या आड येत नाहीत: कपाशीची फवारणी पावसाळ्यात सुरू होते, तेव्हा पंख्याची चिंता सरलेली असते, आणि उन्हाळ्यात संगणक तापतो, तेव्हा पंप कोपऱ्यात निवांत पडलेला असतो.

तथापि पंपासाठी घडवलेली वस्तू पंख्याला जोडताना दोन खोड्या समोर येतात. चालू-बंद होण्याचा वेग माणसाच्या कानाच्या टप्प्यात, म्हणजे सेकंदाला २० हजारांच्या खाली असला तर वेटोळी बारीक आवाजात गुणगुणू लागतात, आणि शांततेसाठी केलेला खटाटोप नव्या कुरकुरीत संपतो. चार तारांच्या कारखानी पंख्यांसाठी इंटेलने सेकंदाला २५ हजारांचा वेग ठरवला तो यामुळेच. तेथे मुख्य वीज तोडली जात नाही, चौथ्या तारेवरून पंख्याला केवळ हुकूम दिला जातो. दुसरी खोडी अधिक गंभीर आहे. तीन तारांच्या पंख्याची मुख्य वीजच खंडित केली की त्याच्या आतला संवेदकही तितक्या वेळा उपाशी राहतो आणि तिसऱ्या तारेवरची बातमी विश्वासाची उरत नाही, म्हणजे पंखा खरोखर थांबला तरी संगणकाला ते कळेलच असे नाही. त्यात पंखा फिरत ठेवायला जेवढा जोर लागतो त्याहून जास्त जोर तो जागचा हलवायला लागतो, जसा चिखलात उभी राहिलेली बैलगाडी हलवताना लागतो. म्हणून रात्री मंद पण फिरता सोडलेला पंखा सकाळी संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्याच खटक्यावर सुरूच होत नाही. खटक्याला खालची मर्यादा घालणे, म्हणजे त्याच्या जोडीला एक स्थिर रेझिस्टर लावून तो ठरावीक मर्यादेखाली उतरूच न देणे, हा साधा उपाय अनेक जण टाळतात, आणि तो टाळण्यासारखा मुळीच नाही.

खटक्याचा खरा दोष मात्र विजेचा नाही, तो माणसाच्या विसराळूपणाचा आहे. थंडीत खाली आणलेला खटका चैत्रात वर न्यायचे राहून जाते. त्याऐवजी थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढले की ज्याचा विद्युतरोध घटतो असा मण्याएवढा घटक, प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्ट्यांत खोचून ठेवला आणि त्याच्याच रोधावरून पंख्याचा वेग ठरू दिला, तर पंचांग बघायची गरज उरत नाही. तो खोलीची उष्णता आणि यंत्राची उष्णता एकत्रच मोजतो. खानदेशात याचा फायदा एका विशिष्ट प्रसंगी दिसतो. कूलरच्या गवतात मुरलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाताना खोली कित्येक अंशांनी उतरवते, आणि मग भारनियमनात कूलर बंद पडतो, संगणक मात्र यूपीएसवर चालूच राहतो. त्या अवधीत पत्र्याखालची खोली चढत्या भाजणीने तापते, काम करणारा घाम पुसत राहतो, आणि खटक्याकडे कोणाचेही लक्ष नसते. थर्मिस्टरचे असते. हिवाळ्यात त्याचा आणखी एक उपकार होतो, तो असा की जिनिंगच्या दिवसांत हवेत तरंगणारा कापसाचा तंतू संथ पंखा कमी ओढतो आणि पट्ट्यांमधले बोंड उशिरा जमते.

एवढे करूनही नियंत्रकाला पूर्ण वळसा घालून १२ व्होल्ट थेट पंख्यापर्यंत नेणारा एक साधा स्विच पेटीच्या दर्शनी भागावर, हात सहज पोहोचेल असा, ठेवावाच, कारण डाग दिलेला सांधा सुटणे हा घरी केलेल्या कामाचा स्थायीभाव आहे आणि तो सुटायला दुपारच मुहूर्त शोधते. त्या स्विचवर काय लिहावे याबद्दल कारागिरांत मतभेद होऊ शकतील. पहूरमध्ये ‘मे’ एवढे एक अक्षर पुरते.