देवीची भिंत, माझी भिंत

माझ्या बैठकीच्या खोलीत एक वारली चित्र आहे. गेरवा कापडाचा तुकडा, त्यावर तारपकऱ्याभोवती वेटोळे घालून नाचणारी पांढरी माणसे. पाहुणा ‘वा!’ म्हणतो आणि किंमत ऐकताच भिवई उंचावतो : ‘दोन त्रिकोण नि चार रेघा, त्याचे एवढे?’

मला त्या त्रिकोणांचेच वेड! एक उलटा, एक सुलटा, टोकाला टोक टेकवले की झाला माणूस. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ते विकायला नव्हतेच. लग्नघरी कुडाची भिंत शेणामातीने सारवून गेरू फासायचा, तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूची काडी टोकाशी चावून मऊ करायची आणि सुवासिनींनी चौक काढायचा. मधोमध पालघट देवी. पुढे भिंतीबरोबर तोही पुसट होई. त्याचे कुणाला काय? पुढच्या लग्नी नवा चौक होताच!

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिकडे गेले आणि भिंतीवरची रेघ कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तर जगभर पोहोचले. २०११ साली ते पद्मश्री झाले. कलावंत थोरच. पण रेघेला मोल आले आणि बायकांच्या हातची काडी बऱ्याच अंशी पुरुषांच्या हाती गेली, हे मात्र मनाला टोचत राहते.

माझे चित्र काढणारी बाई पूर्वी नवऱ्याच्या चित्रांत झाडांची पाने भरून देई, सही त्याची. आता ती बायकांच्या गटात आहे. कापड, रंग आणि बसलेले दिवस धरून दर त्या स्वतः ठरवतात. जागतिक रास्त व्यापार संघटनेचा दंडक असा, की हस्तकलेच्या कारागिराने मागितल्यास निदान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. हा गटही गिऱ्हाइकाकडून तसेच मागतो. आवणीच्या दिवसांत घरात दाणा नसतो, तेव्हा ही आगाऊ रक्कम म्हणजे काय, हे सावकाराच्या दारी जाऊन आलेल्यालाच ठाऊक.

मी तिला विचारले, “चौकाचे कधी पैसे घेतलेत?”

ती हसली. “देवीच्या भिंतीचे कोण घेतो, बाई? ही तर तुमची भिंत.”

येत्या वैशाखात तिच्या भाचीचे लग्न आहे. ते आठ दिवस तिने ऑर्डर घ्यायची नाही, असे गटाला आधीच कळवून ठेवले आहे.